मेथड सापडत नाही, म्हणजे नेमकं काय सापडत नाही?

पर्लमध्ये थोडंफार काम केलेल्या प्रत्येकाने ही एरर कधी ना कधी बघितलेली असते. "कान्ट लोकेट ऑब्जेक्ट मेथड अमुक व्हाया पॅकेज तमुक", आणि पुढे फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर. यावर आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "पण माझ्या मशीनवर तर चालतंय!" दुसरी प्रतिक्रिया म्हणजे त्या ओळीपुढे हॅश टाकून ती कॉमेंट करून बघणं. आजचं लिखाण या दुसऱ्या प्रतिक्रियेबद्दल आहे. पहिलीवर इलाज नाही :-)

आधी एरर नीट वाचू. आपल्याकडे एरर वाचायची पद्धत नाही, ती सरळ गूगलमध्ये चिकटवायची पद्धत आहे. पण पर्लच्या एरर बऱ्याच नेमक्या असतात. एकमेकींसारख्या दिसणाऱ्या या तीन बघा.

पहिली: "कान्ट लोकेट फू.पीएम इन @इंक". इथे मॉड्यूलची फाइलच मिळालेली नाही. पर्ल ज्या ज्या फोल्डरमध्ये मॉड्यूल शोधतं त्यांची यादी @इंकमध्ये असते, आणि त्या यादीत कुठेही ती फाइल नाही. म्हणजे मॉड्यूल बसवलेलंच नाही, किंवा भलत्याच जागी बसवलंय.

दुसरी: "कान्ट कॉल मेथड अमुक ऑन ॲन अनडिफाइन्ड व्हॅल्यू". इथे मेथडचा प्रश्न नाहीच. ज्याच्यावर मेथड बोलावली ते ऑब्जेक्टच तयार झालेलं नाही. चूक त्याच्या आधीच्या कुठल्यातरी ओळीत आहे.

तिसरी आपली. पॅकेज माहीत आहे, ऑब्जेक्टही आहे, पण त्याला हे काम येत नाही. तिच्या शेवटी कधी कधी कंसात "परहॅप्स यू फरगॉट टू लोड" अशी पुस्ती असते, म्हणजे त्या नावाचं पॅकेजच पर्लला दिसलेलं नाही. अशा वेळी यूजची ओळ राहिलीय का किंवा स्पेलिंग चुकलंय का ते बघायचं. पुस्ती नसेल तर पॅकेज मेमरीत आहे, फक्त मेथड नाही. जुन्या मशीनवर बहुतेक वेळा ही पुस्ती नसलेली एरर येते.

आता त्यातला "व्हाया" हा शब्द. एसटीच्या बोर्डावर "पुणे-अकलूज, इंदापूर मार्गे" लिहिलेलं असतं, तसलं काही डोळ्यासमोर येतं. पण पर्लचा व्हाया वाटेतलं गाव सांगत नाही, शोध कुठून सुरू झाला ते सांगतो. मेथड आधी त्या पॅकेजमध्ये शोधली जाते. तिथे नसेल तर @इसामध्ये लिहिलेल्या आईवडलांकडे. शोधायची पद्धत अशी की पहिलं नाव वडलांचं असेल तर आधी वडील, मग आजोबा, मग पणजोबा, असं ते अख्खं घराणं पालथं घालायचं आणि मगच आईकडे वळायचं. (५.१० पासून हा क्रम बदलायची सोय आहे, पण डीफॉल्ट अजून हाच.) तिथेही नसेल तर युनिव्हर्सल नावाचं सगळ्यांचं सामाईक पॅकेज. तरीही नाहीच मिळाली तर याच क्रमाने पुन्हा एकदा फिरून कुणी ऑटोलोड लिहून ठेवलंय का ते बघायचं. एवढं सगळं करून हात हलवत परत आल्यावर पर्ल ही एरर देतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा शोध प्रोग्रॅम चालू असताना होतो. पर्लला उणे सी हा ऑप्शन देऊन स्क्रिप्ट तपासली तर "सिंटॅक्स ओके" असंच येणार. मेथड आहे की नाही हे ती ओळ येईपर्यंत पर्ल बघतच नाही. तोवर आधीच्या चाळीस ओळी आपापलं काम करून मोकळ्या झालेल्या असतात!

याचा हिसका मला मार्च २०२१ मध्ये बसला. सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज हे माझं आजोळ. गावाबाहेरच्या एका वस्तीवर मामांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, दरपत्रकाप्रमाणे भाव लागतो आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. पैसे बँकेत जातात, आणि किती लिटर, सरासरी फॅट किती, रक्कम किती याचा एसएमएस उत्पादकाला जातो. त्या शंभर-सव्वाशे घरांसाठी एसएमएस म्हणजेच पावती. रक्कम चुकली असेल तर त्यावरूनच कळतं.

हे सगळं २०१२ मध्ये बसवलेल्या एका सेंटओएस ६ च्या डब्यावर पर्लमध्ये चालायचं. ज्याने लिहिलं त्याने नेटकं लिहिलं होतं, नऊ वर्षं कुणाला हात लावायची वेळ आली नव्हती. पण त्या महिन्यात देशभरातच एसएमएसचा गोंधळ चालू होता. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रत्येक व्यावसायिक मेसेजचं टेम्प्लेट आधी नोंदवणं बंधनकारक होतं. ८ मार्च २०२१ ला टेलिकॉम कंपन्यांनी त्याची तपासणी सुरू केली आणि बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले, म्हणून ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली. मामांच्या एसएमएसवाल्या कंपनीनेही नवा पत्ता आणि नव्या कोडचा नमुना पाठवला. मामेभावाने तो नमुना स्क्रिप्टमध्ये चिकटवला, सिंटॅक्स तपासला, ओके आलं, पोरगा खूश.

२१ तारखेला, रविवारी सकाळी, ११ ते २० मार्चचं बिल चालवलं आणि अर्ध्या तासात मला फोन.

"दादा, एरर आलीय. कान्ट लोकेट ऑब्जेक्ट मेथड, एसएसएल अंडरस्कोर ऑप्ट्स, व्हाया पॅकेज एलडब्ल्यूपी युजरएजंट."

"पुढे कंसात काही आहे का?"

"नाही. फक्त लाइन ४१."

"आणि बिल झालं का?"

"बिल क्लोज झालंय. मेसेज एकही गेला नाही. परत चालवलं तर म्हणतंय पाठवण्यासारखं काही नाही."

मागून मामांचा आवाज: "त्याला म्हणावं, संध्याकाळच्या दुधाला लोक येतील तेव्हा मी काय सांगू?"

म्हणजे झालं होतं असं. स्क्रिप्ट आधी दहा दिवसांचा हिशोब बंद करायची आणि मग मेसेज पाठवायला घ्यायची. ती बरोबर या दोन कामांच्या मध्ये मेली. हिशोब बंद, मेसेज शून्य, आणि स्क्रिप्टच्या मते काम संपलेलं. आधी हिशोबाच्या फायलींची दुसरीकडे कॉपी करायला सांगितली. अशा वेळी पहिलं काम हेच, दुरुस्ती नंतर.

मामेभावाने तोवर स्वतःच उपाय शोधला होता. "दादा, ती ४१ नंबरची ओळ कॉमेंट करू का? नेटवर एकाने लिहिलंय, काढली की चालतं."

आणि खरोखरच चाललं असतं. गंमत तिथेच आहे.

एलडब्ल्यूपी हे पर्लमधून वेबशी बोलायचं जुनं, भरवशाचं मॉड्यूल. एका ओळीत एलडब्ल्यूपी लोड करून त्याचं व्हर्जन छापायला सांगितलं, तर आलं ५.८३३. सेंटओएस ६ बरोबर तेच येतं. एसएसएल_ऑप्ट्स ही मेथड आली ६.०० मध्ये, मार्च २०११ ला. म्हणजे मशीन खोटं बोलत नव्हतं, त्याच्याकडे ती मेथड कधी नव्हतीच.

पण ती मेथड ६.०० मध्ये का आली? कारण त्याच व्हर्जनपासून एलडब्ल्यूपी एचटीटीपीएसने जोडताना समोरचं सर्टिफिकेट खरंच त्या नावाच्या सर्व्हरचं आहे का हे स्वतःहून तपासायला लागलं. आणि तपासणी आली म्हणून तिच्या सेटिंगसाठी मेथड आली. ५.८३३ मध्ये ही नावाची तपासणी डीफॉल्टने होतच नसे. कंपनीच्या नमुन्यातली ४१ नंबरची ओळ काय म्हणत होती? "व्हेरिफाय होस्टनेम: शून्य." म्हणजे तपासू नकोस! जे मशीन मुळात तपासतच नाही त्याला आपण "तपासू नकोस" असं सांगत होतो, आणि ते म्हणत होतं की तपासणं म्हणजे काय हेच मला माहीत नाही.

ओळ कॉमेंट केली असती तर मेसेज गेले असते. पण त्या कनेक्शनवरून केंद्राचं युजरनेम आणि पासवर्ड जातो. मधे कुणी दुसराच सर्व्हर बनून उभा राहिला असता तर या डब्याने तो मुकाट्याने त्याच्या हातात दिला असता. आणि तो पासवर्ड ज्याच्याकडे, तो केंद्राच्या नावाने सव्वाशे घरांत मेसेज पाठवू शकतो. ज्या मेसेजला लोक पावती मानतात, तो मेसेज.

मग केलं काय? सिस्टिमच्या पर्लला हात लावला नाही. डिस्ट्रिब्यूशनबरोबर आलेल्या मॉड्यूलवर इतर प्रोग्रॅम अवलंबून असतात, तिथे नवं व्हर्जन कोंबलं की उद्या भलतंच काहीतरी बंद पडतं. नवी मॉड्यूल स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवायची आणि स्क्रिप्टच्या डोक्यावर यूज लिबची एक ओळ घालून ते फोल्डर @इंकमध्ये सगळ्यात पुढे आणायचं. ही पद्धत जुनी आणि सुरक्षित.

अडचण अशी की एचटीटीपीएससाठी लागणारं नेट::एसएसएलईए कंपाइल करावं लागतं, त्याला जीसीसी आणि ओपनएसएसएलच्या हेडर फायली हव्यात, आणि त्या डब्यावर यातलं काही नव्हतं. सेंटओएस ६ ची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपलेली, त्यामुळे यमला नेहमीच्या जागी काही मिळेना. जुनी पॅकेज आता व्हॉल्ट नावाच्या सर्व्हरवर हलवलेली आहेत. म्हणून पुण्यात माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये सेंटओएस ६ टाकलं, तेच ५.१०.१ पर्ल, तेच ६४ बिट. यमला व्हॉल्टचा पत्ता दिला, सगळं एका फोल्डरमध्ये बांधलं आणि झिप करून अकलूजला पाठवलं. पर्लचं व्हर्जन आणि मशीनची जात जुळली नाही तर कंपाइल केलेली मॉड्यूल चालत नाहीत, म्हणून हा खटाटोप. दोन गोष्टी आठवणीने बरोबर घेतल्या. एक एलडब्ल्यूपी::प्रोटोकॉल::एचटीटीपीएस, कारण ६.०२ पासून ते वेगळं बसवावं लागतं. दुसरं मोझिला::सीए, कारण तपासणी करायची तर कुठल्या सर्टिफिकेट देणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा याची यादी लागते.

मग हिशोबाची फाइल आदल्या दिवशीच्या बॅकअपवरून परत ठेवली, बंद झालेल्या हिशोबाच्या कॉपीशी आकडे ताडून बघितले आणि एका नंबरवर, मामांच्याच, मेसेज पाठवून बघितला. गेला. नंतर सगळ्यांना. संध्याकाळचं दूध यायच्या आत.

आणि ४१ नंबरची ओळ? ती शेवटी काढूनच टाकली! कंपनीच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट व्यवस्थित होतं, तपासणीत पास झालं. "तपासू नकोस" म्हणायची गरजच नव्हती. मामेभाऊ म्हणाला, "मग मी सकाळी तेच म्हणत होतो की!" वरून बघितलं तर खरंच तेच. फरक एवढाच की सकाळी ओळ काढली असती तर तपासणी नसलेल्या मशीनवर काढली असती, आणि संध्याकाळी काढली ती तपासणी चालू असलेल्या मशीनवर. कोडमध्ये दोन्ही बदल तंतोतंत सारखे, अर्थ उलटे.

म्हणून ही एरर "अडथळा" म्हणून वाचू नये असं मला वाटतं. ती माहिती आहे: तुझा कोड एका सालातला आणि हे मॉड्यूल दुसऱ्या सालातलं. लॅरी वॉलने १९८७ मध्ये पर्ल आणल्यापासून या भाषेचं मोठं कौतुक हेच की जुना कोड नव्या पर्लवर बहुतेक वेळा चालतो. पण नवा कोड जुन्या इन्स्टॉलेशनवर चालेल असं कुणीच कधी म्हटलेलं नाही. आपण मात्र ते गृहीत धरतो, कारण नेटवरचं उदाहरण कुठल्या व्हर्जनसाठी आहे हे बघायची आपल्याला सवय नाही.

याच जातीची आणखी दोन उदाहरणं, तुमच्या कधीतरी कामाला येतील. एक म्हणजे फाइल हँडलवर ऑटोफ्लश ही मेथड. मे २०११ च्या ५.१४ पासून पर्ल त्यासाठी लागणारं आयओ::फाइल स्वतःहून लोड करतं. त्याच्या आधीच्या पर्लवर तोच कोड "मेथड सापडत नाही" म्हणतो आणि वर तुम्ही कधीच न लिहिलेल्या पॅकेजचं नाव सांगतो, म्हणून माणूस अजूनच गोंधळतो. इलाज एक ओळ: यूज आयओ::हँडल. दुसरं जेसन मॉड्यूल. २००७ मध्ये त्याचं २.० आलं तेव्हा नावंच बदलली. जेसनटूऑब्ज गेलं, डीकोड आलं. एक्सच्या जमान्यातलं मॉड्यूल असलेल्या मशीनवर आजचा कोड टाकला की तो अडणारच.

आता कामाची यादी. ही एरर आली की मी या क्रमाने जातो:

१. कंसातली पुस्ती आहे का बघायचं. असेल तर आधी यूजची ओळ आणि स्पेलिंग.

२. फाइल कुठली लोड झाली? %इंक या हॅशमध्ये लोड झालेल्या प्रत्येक मॉड्यूलचा पूर्ण पत्ता असतो, तो छापायचा. एकाच मॉड्यूलच्या दोन कॉप्या असणं हा जुन्या मशीनचा आवडता छंद आहे.

३. व्हर्जन कुठलं? आणि हे क्रॉनमधूनही छापून बघायचं. टर्मिनलमध्ये चालतं आणि रात्री क्रॉनमध्ये मरतं, याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की दोघांचं पर्ल किंवा @इंक वेगळं आहे.

४. मॅन्युअल नेटवर वाचायच्या आधी त्याच मशीनवर पर्लडॉकने वाचायचं. नेटवर नव्या व्हर्जनचं असतं, पर्लडॉक तिथे बसवलेल्या व्हर्जनचं दाखवतं. मेथड त्यात नसेल तर विषय संपला.

५. मॉड्यूलच्या चेंजेस फाइलमध्ये ती मेथड कधी आली आणि का आली ते शोधायचं. "का" महत्त्वाचं. मेथडबरोबर वागणूकही बदललेली असते.

६. कॅन वापरून "मेथड असेल तरच बोलाव" असं लिहायचा मोह होतो. रंग बदलायच्या मेथडला चालेल. पैसे, पासवर्ड, सुरक्षा यांच्या मेथडला नाही. तिथे नसेल तर थांबणंच बरोबर.

आणि शेवटची, सगळ्यात स्वस्त गोष्ट. यूजच्या ओळीत मॉड्यूलच्या नावापुढे किमान व्हर्जन लिहिता येतं. मामांच्या स्क्रिप्टमध्ये आता यूज एलडब्ल्यूपी::युजरएजंट आणि त्यापुढे ६.०० असं लिहिलेलं आहे. यूज हे प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी, कंपाइल होतानाच चालतं. उद्या कुणी ही स्क्रिप्ट जुन्या मॉड्यूलच्या मशीनवर नेली तर ती "अमुक व्हर्जन हवं, इथे फक्त तमुक आहे" असं सरळ सांगून पहिल्याच पावलावर थांबेल. हिशोब बंद करून, अर्ध्या वाटेवर, ४१ व्या ओळीत नाही.

चार अक्षरांचा हा आकडा टाकायला पाच सेकंद लागतात. सोमवारी ऑफिसात गेलात की तुमची सगळ्यात जुनी स्क्रिप्ट उघडा आणि तिच्या यूजच्या ओळी बघा. किती ओळींपुढे आकडा आहे ते मला कळवा.

माझ्या ऑफिसातल्या एका स्क्रिप्टमध्ये मोजले. सतरा यूज, आकडे शून्य. असो.